लॉग चालू होता, म्हणजे नेमकं काय? एनएफआरएला एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण (एनएफआरए),
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांच्या अकाउंट्स विभागांत माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे आणि साठवलेल्या पैशांपैकी थोडे शेअर्समध्ये आहेत. म्हणजे आधी हिशेब लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसले, आता वाचणाऱ्यांच्या बाजूला बसते. वार्षिक अहवाल हल्ली ई-मेलने येतात, तीनशे-चारशे पानांचे. हेल्मेट घातलेल्या हसऱ्या कामगारांचे फोटो ओलांडून मी थेट ऑडिटरच्या अहवालावर जाते.

२०२३-२४ च्या अहवालांपासून तिथे शेवटाशेवटाला एक नवा परिच्छेद दिसू लागला. भाषा थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेलची सोय आहे, ती वर्षभर सर्व व्यवहारांसाठी चालू होती आणि तिच्यात ढवळाढवळ झाल्याचं आमच्या नजरेस आलं नाही. हे पत्र त्या परिच्छेदाबद्दल आहे. तो वाचून भागधारकाने किती निश्चिंत व्हावं हे सध्या कोणीच सांगत नाही. कंपन्यांच्या ऑडिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था म्हणून ते आपण सांगावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

नियम आपल्याला पाठ असेल. पत्र खुलं असल्यामुळे इतरांसाठी थोडक्यात सांगते. कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये नियम काढला की, कंपनीने हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं ज्यात प्रत्येक व्यवहाराचा माग राहतो, नोंदीत केलेला प्रत्येक बदल तारखेसह टिपला जातो आणि ही टिपण बंद करता येत नाही. यालाच ऑडिट ट्रेल किंवा एडिट लॉग म्हणतात. दोनदा मुदतवाढ मिळून नियम १ एप्रिल २०२३ पासून खरोखर लागू झाला. लॉग वर्षभर चालू होता का, त्यात छेडछाड झाली का आणि तो जपून ठेवला आहे का, हे आता ऑडिटरने आपल्या अहवालात लिहायचं असतं.

या नियमाचं मी मनापासून स्वागत केलं, आणि त्याचं कारण फक्त टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना कळेल. आमच्याकडे मार्च एंड ३१ मार्चला कधी संपायचा नाही. पुस्तकं ऑगस्टपर्यंत उघडी असायची. बँकेला कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला चांगला नफा दाखवायचा असे, प्राप्तिकराला कमी दाखवायचा असे, आणि दोन्हींच्या मधला आकडा ठरेपर्यंत जुलैत बसून फेब्रुवारीच्या तारखांची व्हाउचरं केली जात. भंगाराचा स्टॉक तर मालकाच्या मनातला आकडाच असायचा. कागदी रोजकीर्दीत खाडाखोड केली की ती निदान दिसायची, आणि वहीच्या पानांना नंबर असत. कॉम्प्युटर आल्यावर खाडाखोड दिसेनाशी झाली. जुनी नोंद उघडा, रक्कम बदला, सेव्ह करा. ती नोंद पहिल्या दिवसापासून तशीच होती, असं स्क्रीन सांगणार.

अकाउंट्समधल्या माणसाकडे तेव्हा नाही म्हणायला कारण नसायचं. साहेब म्हणाले तारीख बदल, तर बदलायची. आता माझ्या जागी बसलेली मुलगी म्हणू शकते, “सर, बदलते, पण लॉगमध्ये राहील.” हे वाक्य किती ठिकाणी म्हटलं जात असेल ते कोणी मोजलेलं नाही. पण एडिट लॉगचा सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते हाच आहे. ऑडिटरने तो वाचण्याच्या कितीतरी आधी, नोंद करणाऱ्या हाताला त्याने बळ दिलं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने एडिट लॉगची वेगळी आवृत्ती काढली तेव्हा अनेक छोट्या कंपन्यांच्या मालकांनी ‘जुनंच राहू द्या की’ म्हणून पाहिलं, यातच सगळं आलं.

आता अडचणींकडे येते. पहिली अडचण इतकी साधी आहे की ती लिहायला संकोच वाटतो. लॉगमध्ये बदल कोणी केला हे युजरच्या नावाने दिसतं. छोट्या-मध्यम कंपन्यांत अकाउंट्सच्या चार जणांचा युजर एकच असतो: ‘अॅडमिन’. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला किंवा सगळ्यांना तोंडपाठ. मग लॉग इमानेइतबारे सांगतो की, अमुक तारखेला अॅडमिनने साडेचार लाखांचं बिल रद्द केलं. हा अॅडमिन कोण? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जो खुर्चीत होता तो. ऑडिटरच्या परिच्छेदात मात्र लॉग ‘वर्षभर चालू होता’. तेही खरंच असतं. अशा छोट्या कंपन्या आपल्या कक्षेत येत नाहीत हे मला माहीत आहे. पण सूचीबद्ध कंपन्यांचे सुटे भाग, ओतकाम, जॉबवर्क या छोट्या कंपन्यांकडेच होतं आणि त्यांचीच बिलं मोठ्यांच्या ताळेबंदात जाऊन बसतात.

दुसरी अडचण मोठ्या कंपन्यांची आहे, आणि ती ऑडिटरांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, फक्त कोणी वाचत नाही. अनेक नावाजलेल्या कंपन्यांच्या अहवालांत त्याच परिच्छेदात पुढे एक ‘मात्र’ येतो: मात्र डेटाबेसच्या पातळीवर थेट बदल टिपणारा लॉग सुरू नव्हता, किंवा वर्षाच्या अमुक महिन्यापासूनच सुरू झाला. सामान्य भागधारकाला याचा अर्थ कसा कळावा? अर्थ असा, की अकाउंट्सच्या माणसाने स्क्रीनवरून आकडा बदलला तर टिपला जाईल, पण सिस्टीमच्या पोटात शिरायचा अधिकार असलेल्या माणसाने तोच आकडा आतून बदलला तर टिपला जाणार नाही. पुढच्या दाराला कॅमेरा लावून मागचं दार तसंच ठेवलं. असा माणूस कंपनीत एखाद-दुसराच असतो आणि तो बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. पण फसवणूक करायला तरी किती माणसं लागतात?

आणखी एक ‘मात्र’ असतो. पगाराचं किंवा विक्रीचं काम बाहेरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्या कंपनीचा स्वतंत्र तपासणी अहवाल मिळाला नाही, म्हणून तिथल्या लॉगबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही, असं ऑडिटर लिहितात. प्रामाणिकपणे लिहितात, याबद्दल त्यांचा मान ठेवते. पण मुख्य मत वर तसंच राहतं: हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात. या दोन वाक्यांमधलं अंतर वाचकाने कसं पार करायचं? लॉग नसणं हा हिशेब चुकीचा असल्याचा पुरावा नव्हे, हे मला कळतं. त्या अंतरात ऑडिटरने दुसरं काय तपासून आपलं समाधान करून घेतलं, ते एका ओळीत लिहिलं तर काय बिघडेल?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एडिट लॉग नोंद बदलली का हे सांगतो. पहिल्यांदा केलेलीच नोंद खोटी असेल तर तो तिचाही तितक्याच निष्ठेने सांभाळ करतो. आपल्या देशातले मोठे घोटाळे घ्या आणि प्रत्येकाला विचारा: लॉग असता तर काय झालं असतं?

सत्यम ही तर सॉफ्टवेअर कंपनीच. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की, पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. तपासात ७,५६१ बनावट बिलं निघाली. ती बिलांच्या प्रणालीत ‘सुपर युजर’च्या, म्हणजे सगळं करता येणाऱ्या युजरच्या, अधिकाराने घुसवलेली होती आणि काहींनाच दिसतील अशी लपवलेली होती. इथे लॉग असता तर माग लागला असता, हे मान्य. पण त्या सुपर युजरचा हात लॉगपर्यंतही पोहोचला असता का, हाच प्रश्न परत उभा राहतो. आणि त्या प्रकरणाचं मर्म बिलांत नव्हतंच, बँकेच्या शिलकीत होतं. अमेरिकी नियामकांनी २०११ मध्ये ऑडिट फर्मवर कारवाई करताना नोंदवलं की, शिलकेची खातरजमा करणारी पत्रं बँकांना पाठवण्याचं काम ऑडिटर कंपनीवरच सोपवत असत. एक पत्र थेट बँकेकडे गेलं असतं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे आलं असतं, तर कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय सगळं उघडं पडलं असतं. जर्मनीत वायरकार्डचं २०२० मध्ये हेच झालं. फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं दाखवलेले १.९ अब्ज युरो सापडलेच नाहीत, आणि ती कंपनी तर डिजिटल पेमेंटचीच होती.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं प्रकरण महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढता येतील असा आदेश आला आणि शाखांपुढे रांगा लागल्या. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर समूहाकडे अडकलं होतं. ते लपवण्यासाठी समूहाच्या ४४ कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. खरी चलाखी पुढे आहे. गुन्ह्याच्या फिर्यादीनुसार ही बनावट खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेला सादर करायच्या यादीत ती फक्त टाईप केली होती. म्हणजे प्रणालीचा लॉग अगदी स्वच्छ निघाला असता. खोटेपणा प्रणालीत नव्हता. तो प्रणालीतून बाहेर पडून तपासणाऱ्याच्या टेबलापर्यंत जाणाऱ्या कागदात होता. इलेक्ट्रॉनिक ऑडिटची सगळी मदार ज्या फाइलवर असते, ती फाइल कोणी काढून दिली, हा प्रश्न पीएमसीने कायमचा शिकवायला हवा होता.

आणि डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी. अस्तित्वातच नसलेल्या वांद्रे शाखेत २.६० लाख बनावट गृहकर्जखाती दाखवली गेली, रक्कम १४,००० कोटींहून अधिक, असा सीबीआयचा आरोप आहे. ही खाती आधीच कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या ग्राहकांच्या नावांवर उभी केली, असंही आरोपात म्हटलं आहे. न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल. पण एक विचार करा. २.६० लाख खात्यांवर कितीही हुशार विश्लेषण चालवा, नावं खरी, पत्ते खरे, जुनी कागदपत्रं खरी. शाखेत जाऊन दार वाजवल्याशिवाय शाखा नाही हे कळायचं कसं? डीएचएफएलच्या शाखांचं ऑडिट केलेल्या सनदी लेखापालांवर आपण स्वतः २०२३ मध्ये आदेश काढले आहेत. त्यामुळे हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

फार जुनं बोलते आहे असं वाटू नये म्हणून फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतून सुमारे १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं बाहेर आलं. कशामुळे? रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी तिजोरी उघडून नोटा मोजल्या म्हणून. पुस्तकात रोकड होती, संगणकात रोकड होती.

माझा इलेक्ट्रॉनिक ऑडिटला विरोध नाही. पूर्वी ऑडिटर शंभरातली दोन व्हाउचरं काढून बघायचे, आणि कुठली दोन काढतील याचा आम्हाला अंदाज असायचा (मोठ्या रकमेची, आणि मार्चमधली). आता सगळ्याच नोंदी एकदम चाळता येतात. रविवारी केलेल्या नोंदी, रात्री अकरानंतरच्या, गोल आकड्याच्या, मंजुरीच्या मर्यादेला हजारभर कमी ठेवलेल्या, तिमाही संपल्यावर उलटवलेल्या, हे सगळं मिनिटांत वर येतं. हे मोठंच काम आहे. पण वर आलेल्या हजारो नोंदींचं पुढे काय होतं? आर्टिकलशिप करणारी, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारी, दोन पोरं आठवडाभर बसून प्रत्येकीपुढे ‘व्यवस्थापनाकडून खुलासा मिळाला’ असं लिहितात. मशीनने संशय घेतला आणि माणसाने तो टाईप करून मिटवला. खुलासा देणारा कोण, तर नोंद करणाराच. ऑडिट फाइलमध्ये हे काम भरभक्कम दिसतं.

ज्या पुराव्यावर कंपनीचा हात पोहोचत नाही, तो जास्त मोलाचा, असं माझं मत आहे. म्हणूनच जीएसटीचं ई-इन्व्हॉइस मला एडिट लॉगपेक्षाही भरवशाचं वाटतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक झालं. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवलं जातं, तिथून नंबर मिळतो, समोरचा व्यापारी ते आपल्या बाजूने बघतो. खोट्या बिलांची टोळकी त्यातूनही पळवाटा काढतात, रोजच्या बातम्यांत आहेच. पण निदान खोटं बोलायला दोघं लागतात. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या यूडीआयएनचंही, म्हणजे सही केलेल्या प्रत्येक कागदाच्या वेगळ्या नंबराचंही, तसंच आहे. सनदी लेखापालाच्या सहीखालचा नंबर कोणीही तपासू शकतो, ऑडिटरला न विचारता.

आता मागणी. कंपनी कायद्याच्या १३२ व्या कलमाखाली आपण निर्माण झालात, तेव्हा गुंतवणूकदार आणि धनको यांच्या हिताचं रक्षण हे आपलं काम म्हणून लिहिलं गेलं. २०२३ पासून आपण मोठ्या ऑडिट फर्म्सच्या तपासणीचे अहवाल संकेतस्थळावर टाकता. ते मी वाचते. भाषा अवघड आहे, पण टाकता याबद्दल आभार. पुढच्या अहवालांत एवढं पाहावं: एडिट लॉग ‘चालू होता’ असं लिहिणाऱ्या ऑडिटरने तो उघडून वाचला का? वर्ष संपल्यानंतर किती नोंदी बदलल्या गेल्या, त्यातल्या किती अॅडमिनच्या अधिकाराने, आणि त्यांपैकी किती मूळ कागदाशी ताडून पाहिल्या? की सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढून फाइलला लावला? दुसरंही बरंच घडत असेल, पण मला स्क्रीनशॉटचीच भीती आहे.

आणि वर्षातून एकदा, आपल्या देखरेखीखालच्या सगळ्या कंपन्यांची एक यादी काढा. लॉग पूर्ण चालू, डेटाबेस पातळीवर नाही, काही महिने बंद, बाहेरच्या सॉफ्टवेअरबद्दल सांगता येत नाही, छेडछाड आढळली, असे पाच-सहा रकाने पुरे. प्रत्येक अहवालात ही माहिती आधीच आहे, नव्याने काही मागायचं नाही. आज ती मिळवायची तर चारशे पानांची एकेक फाइल उघडावी लागते, आणि सूचीबद्ध नसलेल्या मोठ्या कंपनीची कागदपत्रं मंत्रालयाच्या पोर्टलवर बघायला दर कंपनीला १०० रुपये भरावे लागतात. यादी निघाली की ज्या कंपनीचा ‘मात्र’ सलग तिसऱ्या वर्षी तसाच आहे ती उघडी दिसेल, आणि भागधारक वार्षिक सभेत नेमका प्रश्न विचारू शकतील. सभाही आता ऑनलाइन असतात. प्रश्न टाईप केला की वाचायचा की नाही हे सूत्रसंचालकाच्या हातात, पण तो वेगळा विषय.

सहकारी बँका आणि पतसंस्था आपल्या अधिकारात नाहीत, कंपन्यांचा हा नियमही त्यांना लागू नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांची पुंजी मात्र शेअरपेक्षा तिथेच जास्त असते. रिझर्व्ह बँक आणि राज्याचं सहकार खातं यांच्याशी आपलं बोलणं होत असेल, तर पीएमसीच्या यादीची आठवण त्यांना जरूर करून द्यावी: तपासणीची फाइल बँकेकडून मागून न घेता थेट प्रणालीतून काढून घ्यावी, आणि ती काढताना बँकेचा माणूस कीबोर्डपाशी नसावा.

२०२४-२५ पासून लॉग जपून ठेवला आहे का हेही ऑडिटरला लिहावं लागतं, आणि कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायची असतात. आठ वर्षांत कंपन्या सॉफ्टवेअर बदलतील, सर्व्हर बदलतील, क्लाउडचा करार संपेल. जुना लॉग नव्या प्रणालीत उघडतो का, हे एकदा तरी कोणीतरी उघडून पाहावं. या वर्षीचे अहवाल जुलै-ऑगस्टमध्ये येऊ लागतील. त्याआधी वरच्या प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर आपल्या परिपत्रकातून आलं, तरी माझ्यासारखे वाचणारे ते त्याच परिच्छेदाशेजारी ठेवून वाचतील.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त अकाउंटंट आणि छोटी भागधारक
कोल्हापूर